लग्न कसं लागलं, ते आधी सांगा: धर्म आणि घटस्फोट, नवख्यांसाठी

पहिल्या भेटीत माणूस समोर बसतो, पिशवीतून फाइल काढतो आणि सासूपासून सुरुवात करतो. मी ऐकून घेते, पण वहीत काही लिहीत नाही. दहाएक मिनिटांनी विचारते, "लग्न कसं लागलं?" बहुतेकांना वाटतं, लव्ह की अरेंज्ड असं विचारतेय. "घरच्यांनी ठरवून," असं उत्तर येतं. मला हवं असतं ते वेगळंच. भटजींनी लावलं, भन्तेंनी, काझींनी, फादरनी, की रजिस्ट्रारनी?

पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना हा प्रश्न मी हजारदा विचारला असेल. अर्जावर कोणत्या कायद्याचं नाव टाकायचं, कोणती कारणं चालतील, किती वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. तुम्ही रोज पूजा करता की देवाला मानतच नाही, याच्याशी कोर्टाला घेणं नाही. लग्नाच्या दिवशी दोघं कोणत्या धर्माचे होते आणि विधी कोणता झाला, तिथून सुरुवात.

आधी दाखला काढा आणि वरची ओळ वाचा

"आमचं रजिस्टर लग्न आहे" हे वाक्य मी कधीच तसंच धरत नाही. कारण महाराष्ट्रात 'रजिस्टर' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस, मग त्याच्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या. इथे लग्नच त्या कार्यालयात लागतं. दुसरी म्हणजे १९९८ च्या महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी कायद्याखालची नोंद. हॉलमध्ये लग्न लागलं, मग महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन दाखला घेतला, तो हा. ही झालेल्या लग्नाची नुसती नोंद. लग्न ज्या धर्माच्या विधीनं लागलं त्याच धर्माच्या कायद्याखाली राहतं.

दाखल्याच्या डोक्यावर कायद्याचं नाव छापलेलं असतं. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट कुणी खर्च करत नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

मुलगी वसईची कॅथलिक, मुलगा साताऱ्याकडचा मराठा. घरच्यांचा विरोध, म्हणून दोघांनी आळंदीला जाऊन हार घातले, फेरे घेतले, नंतर दाखला काढला. तिनं धर्म बदललेला नव्हता. सहा वर्षांनी दोघं शहाण्यासारखे बसून म्हणाले, म्युच्युअल, म्हणजे संमतीचा घटस्फोट, करून टाकू. कागद बघितले आणि मीच अडखळले. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू असावे लागतात. हिंदू आणि ख्रिस्ती यांचं या कायद्याखालचं लग्न मुळातच रद्दबातल, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये गुल्लिपिल्ली सौरिया राज प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणजे दोघं मोडायला आले होते ते लग्न कायद्याच्या लेखी लागलेलंच नव्हतं. घटस्फोटाऐवजी लग्न रद्दबातल असल्याची घोषणा मागावी लागली. तिच्या चेहऱ्यावरचा भाव माझ्या लक्षात आहे. "मग मी सहा वर्षं कोण होते?" असं तिनं विचारलं. माझ्याकडे कलमाचा आकडा होता, उत्तर नव्हतं.

उलट बाजूही आहे. दोघं हिंदू असून विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, किंवा देवळातलं लग्न नंतर त्याच कायद्याखाली नोंदवून घेतलं, तर घटस्फोट त्याच कायद्यानं होतो. मंगळसूत्र, सप्तपदीचे फोटो, सत्यनारायण, काही असो. आणि नुसता दाखला आहे, विधी झालाच नाही, तरीही अडचण. डॉली रानी प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की विधी झाल्याशिवाय केवळ नोंदणीनं हिंदू लग्न होत नाही. व्हिसासाठी किंवा घरासाठी आधी दाखला काढून 'लग्न पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग आपला कायदा कोणता, ते ठरवा

हिंदू विवाह कायदा, १९५५ हिंदूंना, बौद्धांना, जैनांना आणि शिखांना लागू आहे. लिंगायतही यातच. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतलेल्यांच्या कुटुंबांतून अनेक जण मला विचारतात, "आम्ही हिंदू नाही, मग हिंदू कायदा का?" राग समजू शकतो, पण आजचा कायदा असा आहे, आणि अर्जात स्वतःला बौद्ध लिहूनच त्याखाली दाद मागता येते. सप्तपदी झाली नाही म्हणून घाबरू नका. कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनुसार झालेला विधी चालतो. त्रिशरण, पंचशील, पांढरे कपडे, भन्ते किंवा बौद्धाचार्य यांचे फोटो आणि संस्थेचा दाखला जपून ठेवा, म्हणजे समोरच्यानं लग्नच नाकारलं तर हाताशी असतं.

आदिवासी असाल तर थांबा. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढली तरच. वारली, भिल्ल, गोंड यांचे घटस्फोट त्यांच्या रूढीनं चालतात, आणि ती रूढी पुराव्यानं दाखवावी लागते. जातीचा दाखला पहिल्याच भेटीत आणा. खूपदा वकीलही हे विचारायला विसरतात.

मुस्लिमांचा विषय मोठा आहे, पुढे येते. ख्रिस्ती लग्नांना १८६९ चा घटस्फोट कायदा. त्यात बाईवर फार काळ अन्याय होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे, बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात त्याला हात घातला आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. पारशांचा १९३६ चा कायदा आहे. त्यात मुंबईत उच्च न्यायालयातच खास पारशी वैवाहिक न्यायालय बसतं, आणि न्यायमूर्तींबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी पंचांसारखे असतात. देशात ज्यूरीची सावली उरली असेल तर तिथे.

कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांसाठी संसदेचा वेगळा कायदाच नाही. ज्यू धर्मनियम लक्षात घेऊन न्यायालय निकाल देतं. यांतले जे इस्रायलला गेले, घरात अजून मराठी बोलतात, त्यांची गोष्ट उलटी. तिथे ज्यूंसाठी १९५३ च्या कायद्यानं घटस्फोट धर्मन्यायालयाच्याच हाती आहे. नवऱ्यानं 'गेट' हा लेखी दस्त द्यायचा आणि बायकोनं स्वीकारायचा.

गोव्यात लग्न नोंदलं असेल तर हे सगळं जवळजवळ बाजूला ठेवा. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि ३ नोव्हेंबर १९१० च्या हुकुमानं घटस्फोट आला, तो गोव्यालाही लागू झाला. मुंबई प्रांतातल्या हिंदूंना कायद्यानं घटस्फोट मिळाला तो १९४७ मध्ये. म्हणजे फोंड्याच्या हिंदू बाईला जे होतं ते सावंतवाडीपलीकडच्या तिच्या मावसबहिणीला मिळायला बराच काळ लागला. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची समाईक, धर्म कोणताही असो. घर एकट्याच्या नावावर आहे म्हणून गप्प बसू नका. आणि गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीच्या वारशालाही तोच नागरी कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं, तेव्हा पुण्यातल्या फ्लॅटचा विषयही वकिलाकडे काढा.

समाजाचा कागद आणि कोर्टाचा कागद

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गुंतागुंती इथल्या असतात. बाई स्टॅम्प पेपर पुढे करते. वर 'सोडचिठ्ठी' किंवा 'फारकतनामा', खाली दोघांच्या सह्या, पाच पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. "झालाय की घटस्फोट. त्यानं दुसरं लग्नपण केलं." स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न त्या कागदानं मोडत नाही. एक अपवाद आहे. कलम २९ रूढीनं होणारा काडीमोड राखून ठेवतं. पण तुमच्या जातीत तशी रूढी पूर्वापार, सलग चालत आलेली आहे हे अर्जात मांडून पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालात नेमकं हेच अडलं. रूढी होती की नाही हे कुणी मांडलंच नव्हतं. अशा कागदावर दुसरं लग्न करणं म्हणजे द्विभार्येच्या गुन्ह्याच्या दारात उभं राहणं.

पंच कोर्टात जाऊ देत नसतील, वाळीत टाकायची भाषा करत असतील, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची नुसती आठवण करून दिली तरी पंचांचा आवाज खाली येतो, हा अनुभव.

कॅथलिक मंडळींना दोन दारं ठोठवावी लागतात, आणि एका दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. चर्चच्या न्यायाधिकरणानं लग्न मुळातच झालं नव्हतं असं ठरवलं तरी ते फक्त चर्चपुरतं. कायद्यानं तुम्ही विवाहितच. सर्वोच्च न्यायालयानं मॉली जोसेफ प्रकरणात १९९६ मध्ये हे म्हटलं आणि २०१७ मध्ये चर्चच्या निकालांना मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. उलट, कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, हाती आला तरी चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही, त्याला न्यायाधिकरणाचा निकाल लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती प्रक्रिया बरीच आटोपशीर केली. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचे एकसारखे निकाल लागत, आता एक पुरतो. एक गैरसमज मात्र काढून टाका. कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून कम्युनियन (मिसामधला पवित्र प्रसाद) बंद होत नाही. पुन्हा लग्न केल्यावरच प्रश्न येतो. हे न कळल्यामुळे मारहाण सोसत राहिलेल्या बायका मी पाहिल्यात.

तलाक, खुला, मुबारात

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी तोंडी तलाकविरोधातली. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला, शायरा बानो प्रकरणात. २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, ३ वर्षांपर्यंत कैद. तोंडी, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा, सगळा त्यात येतो. असा मेसेज आला तर डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा आणि फोनही जपा. लग्न टिकून आहे, तुम्ही त्या घरात राहू शकता, स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाहभत्ता मागू शकता. तक्रार तुम्ही स्वतः किंवा तुमचं नात्यातलं माणूसच करू शकतं, आणि तडजोड करायची झाली तर तीही तुमच्याच इच्छेनं होते.

महिन्या-महिन्यानं दिलेला तलाक मात्र त्या कायद्यात येत नाही. तिथे औरंगाबाद खंडपीठातला २००२ चा दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हा निकाल माहीत असू द्या. नवरा पोटगीच्या केसमध्ये उत्तर देताना सहज लिहून टाकतो, 'मी हिला अमुक तारखेला तलाक दिला आहे.' मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं सांगितलं, एवढं पुरत नाही. सबळ कारण होतं, दोन्ही घरांकडून मध्यस्थ नेमले, समेटाचा प्रयत्न झाला आणि फसला, हे सिद्ध करा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा निकालही तसाच आला. रजिस्टर पोस्टानं तलाकनामा आला की बाई खचते आणि माहेरी निघून जाते. जाऊ नका. तो पुरावा नव्हे, फक्त त्याचं म्हणणं आहे.

बाईला स्वतःला सुटायचं असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. नवरा ४ वर्षं बेपत्ता, २ वर्षं पोटगी नाही, ७ वर्षांची कैद, क्रौर्य अशी कारणं त्यात दिलेली आहेत. अर्ज कौटुंबिक न्यायालयात. दोघं राजी असतील तर मुबारात, बाईनं मागून घेतला तर खुला. इथे वर्षभर वेगळं राहायची अट नाही. पण काझींचा किंवा दारुल कझाचा (समाजाच्या शरियत न्यायपीठाचा) कागद घरात ठेवून मोकळे होऊ नका. अशा संस्थांच्या निर्णयाला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय. कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा घ्या. पुढे पासपोर्टला, दुसऱ्या लग्नाला, मुलांच्या ताब्याला तोच कागद चालतो. मेहेरची, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची ठरलेली, रक्कम निकाहनाम्यात काय लिहिलीय, ते आजच बघून ठेवा.

धर्म बदलला तर?

लग्न सहसा आपोआप मोडत नाही. हिंदू नवऱ्यानं इस्लाम स्वीकारून दुसरं लग्न लावलं तर ते दुसरं लग्न रद्दबातल आणि गुन्हाही, असं १९९५ च्या सरला मुद्गल निकालापासून पक्कं आहे. जन्मानं मुस्लिम असलेल्या बाईनं धर्म सोडला तरी १९३९ च्या कायद्यानुसार तेवढ्यानं लग्न संपत नाही. हिंदू, ख्रिस्ती आणि पारशी कायद्यांत धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे, पण ते वापरायचा हक्क धर्म न बदललेल्या जोडीदाराला. विशेष विवाह कायद्यात हे कारणच ठेवलेलं नाही, जे मला तर्काला धरून वाटतं.

संन्यासाचंही तसंच. कुणी दीक्षा घेतली, घरदार सोडून धार्मिक संघात गेला, तर मागे राहिलेल्याला हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मागता येतो. मागावा लागतो. जैन दीक्षेचा वरघोडा (मिरवणूक) निघाला, केशलोच (केस उपटण्याचा विधी) झाला, म्हणून मागची बायको कायद्यानं मोकळी होत नाही.

कोर्टात गेल्यावर

पहिल्या तारखांना समुपदेशक भेटतात. तिथे बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जात नाही, तेव्हा मोकळेपणानं बोला. वकिलाला तिथे घेत नाहीत. हिंदू आणि विशेष विवाह कायद्यात संमतीच्या अर्जाआधी १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ख्रिस्ती कायद्यात २ वर्षं लिहिलेली आहेत. ती अट केरळ उच्च न्यायालयानं २०१० मध्येच वर्षावर आणली, म्हणून वकिलाला मुद्दाम विचारा. हिंदू कायद्यातली पुढची ६ महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, २०१७ पासून.

भांडून घटस्फोट घ्यायचा तर श्रद्धा हे कारण कसं मांडायचं, यात नवखे हमखास चुकतात. "ती सारखी बुवाच्या बैठकीला जाते" याला न्यायाधीश मान डोलावतात आणि पुढे जातात. श्रद्धा म्हणजे क्रौर्य नव्हे. तिच्यापायी काय घडलं ते लिहा. तारखेसकट. एका अशिलानं मला चार पानं लिहून दिली होती, सगळी नवऱ्याच्या 'अंधभक्ती'वर. त्यात एका ओळीत होतं की मुलाचा ताप १०४ वर असताना त्यानं अंगारा लावून दवाखाना दोन दिवस टाळला. केस त्या ओळीत होती. दवाखान्याचे कागद काढले आणि बाकीची साडेतीन पानं मी बाजूला ठेवली. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका बाईचा घटस्फोट कायम केला. तिथेही नवऱ्याच्या देवळात जाण्याला दोष दिला नाही, बायकोवर आपली जीवनपद्धती लादण्याला आणि संसाराकडे पाठ फिरवण्याला दिला.

पोटगीला धर्म विचारत नाहीत. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, सगळ्यांना. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही, हे जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही तसाच. दोघांनी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. 'रजनीश विरुद्ध नेहा' या २०२० च्या निकालानं ते बंधनकारक झालं, आणि ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं.

परदेशात असलेल्यांसाठी एकच गोष्ट. इथे हिंदू पद्धतीनं लग्न, तिथे न्यू जर्सीत 'नो फॉल्ट', म्हणजे कुणाचा दोष न दाखवता घेतलेला, घटस्फोट, आणि दुसऱ्या बाजूनं तिथे हजर राहून मान्यता दिली नसेल, तर तो हुकूमनामा इथे टिकणं कठीण. नरसिंह राव प्रकरण, १९९१. शक्य असेल तर दोघांनी इथे संमतीचा अर्ज करावा.

हुकूमनामा मिळाल्यावर

सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मागा, दोन मागा. लढून मिळालेल्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्यानं अपिलाची मुदत ९० दिवसांची, तोवर दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. मुस्लिम स्त्रीला इद्दत, म्हणजे पुन्हा लग्नाआधी थांबायचा काळ, असते, साधारण तीन महिने, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. कॅथलिक असाल तर ती प्रत घेऊन आपल्या पॅरिशच्या फादरना भेटा आणि न्यायाधिकरणाकडे अर्ज कसा करायचा ते विचारा. लग्नाचा मूळ दाखला मात्र रागानं फाडू नका. पुढच्या प्रत्येक टेबलावर हुकूमनाम्यासोबत तोही मागतात.